खारूचा डावा हात

कुंपणाच्या आत सर, कुंपणाच्या बाहेर बाबा, असा त्या घरचा कायदा होता. खारू सात वर्षांची असताना बाबांनीच तो केला. टेनिस शिकवणाऱ्याची मुलगी म्हणून कोणी तिला झुकतं माप देऊ नये, आणि दिलं असं कोणी म्हणू नये, एवढाच त्यामागचा हेतू. एकदा बेसलाइनवर पडून तिचा गुडघा फुटला आणि ती सवयीने "बाबा!" म्हणून ओरडली. सरांनी चहूकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे बाबा कोण?" बाकीची मुलं हसली. रक्त पुसत तीही हसली.

खारू हे घरचं नाव, तेही बाबांनीच ठेवलेलं. लहानपणी ती फ्रॉकच्या ओच्यात चेंडू गोळा करायची आणि त्यातले दोन-तीन हळूच कुठेतरी दडवून ठेवायची, म्हणून खारू. कोर्टावर तिला बाबा म्हणायची बंदी होती, पण त्यांनी खारू म्हणायला बंदी नव्हती. कायदे करणारे स्वतःपुरती सोय बघूनच ते करतात.

आता खारू सेहेचाळीस वर्षांची होती, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासत होती, आणि गेले अकरा महिने बाबा तिला ओळखत नव्हते.

एका दिवसात झालं नाही ते. आधी चाव्या सापडेनाशा झाल्या, मग वार. मग "तुझी आई अजून कशी आली नाही?" असं ते विचारू लागले. आईला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आणि मग एका सकाळी तिने चहा पुढे ठेवला तर ते खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" बाबा उभ्या आयुष्यात तिच्याशी इतकं गोड बोलले नव्हते. तिने बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं. डॉक्टर म्हणाले, हे असंच होत जाणार, मनावर घेऊ नका. मनावर नाही तर कुठे घ्यायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

सुरुवातीला ती रोज सांगायची, "बाबा, मी खारू." ते मान हलवायचे. "हो का? वा, छान." एखाद्याने आपल्या गावाचं नाव सांगावं आणि दुसऱ्याने ते कधी ऐकलेलंच नसावं, तसं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तिने सांगायचं सोडलं.

तसं आधी तरी दोघांचं फार बोलणं होतं अशातला भाग नाही. त्याचं मूळ होतं तिच्या चौदाव्या वर्षात. शाळांच्या स्पर्धेतला शेवटचा सामना, शेवटचा गेम, सर्व्हिस तिची. फोरहँड दिवसभर झकास चालला होता. पण सर्व्हिसला चेंडू वर सोडला की तिचा डावा हात लगेच खाली यायचा. हात आला की खांदा यायचा, आणि खांदा आला की चेंडू नेटमध्ये. "हात पडला" हे तिने सात वर्षं दिवसातून पन्नासदा ऐकलं होतं, आणि त्या दिवशी तो एकदा नाही, लागोपाठ आठदा पडला. दोन चुका की एक गुण, असे चार गुण तिने समोरच्या मुलीला आयते काढून दिले आणि सामना संपला.

ती रडली नाही. पिशवी भरून फाटकाकडे चालू लागली. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की सरांचे बाबा होणार होते, आणि बाबा काहीतरी बोलणार होते, डोक्यावर हात ठेवणार होते, निदान सरबत तरी पाजणार होते. बाबा बाहेर आले. त्यांनी सायकलचं कुलूप काढलं, घंटी पुसली, आणि म्हणाले, "हात पडला."

त्या संध्याकाळी तिने रॅकेट माळ्यावर टाकली. "मला घरात सर नकोत," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "बरं." एवढंच. एकदा तरी "का गं?" म्हणतील म्हणून ती पुढे कितीतरी दिवस कान देऊन होती. मग शिक्षण झालं, नोकरी झाली, लग्न झालं, ते मोडलं, ती परत त्याच घरात राहायला आली, आणि बत्तीस वर्षं बापलेक गळका नळ, पाहुणे आणि रात्रीचं जेवण एवढ्यावर बोलत राहिले. भांडण नव्हतं. भांडण असतं तर कधीतरी मिटलं असतं.

तर अकरा महिन्यांनंतरची ती सकाळ. बाबा हल्ली पहाट फुटायच्या आत पांढरे कपडे चढवून दाराशी उभे राहायचे आणि कडी वाजवायचे. कोर्टाला उशीर होतोय म्हणायचे. रोज समजूत घालून ती कंटाळली होती. त्या दिवशी ती म्हणाली, चला, आणि चपला घालून खरंच निघाली.

कोर्टं घरापासून दहा मिनिटांवर. तिथली माती रोज ओली करून तिच्यावर रोलर फिरवणारा माणूस साठीचा, त्याला सगळे रोलरमामा म्हणायचे. सर दिसल्याबरोबर त्याने रोलर तिथेच सोडला. सरांनी त्याला ओळखलं नाही, पण ते नेटपाशी गेले. त्यांनी दोन रॅकेट मागून घेतल्या, एक जमिनीवर उभी धरली, दुसरी तिच्या टोकावर आडवी टेकवली, आणि दोन्हींच्या वर नेट कुठे येतं ते वाकून पाहिलं. तो नेट मोजायचा जुना हिशोब. टेपबिप काही लागत नाही.

"अर्धं बोट खाली घ्या," ते म्हणाले.

रोलरमामाने मधला पट्टा खाली ओढला आणि खारूकडे बघून डोळे मिचकावले. "ताई, टेप लावून बघा, फरक निघाला तर नाव बदलीन." मग त्याने एक रॅकेट तिच्या हातात दिली. "मारा दोन. सरांना बरं वाटेल."

"अहो मामा, मला आता काय येतंय!"

"तेव्हा तरी काय येत होतं?" मामा म्हणाला. तिला त्याने फ्रॉकमध्ये पाहिलेलं होतं, त्यामुळे त्याला बोलायची मुभा होती.

ती बेसलाइनवर उभी राहिली. सर नेटच्या डाव्या खांबाशी, त्यांच्या नेहमीच्या जागी. तिने चेंडू वर सोडला, त्यांच्याकडे पाहिलं, रॅकेट फिरवली. चेंडू नेटच्या बुडाशी जाऊन बसला.

"खारू, हात पडला."

कोणी हाक मारली ते तिला क्षणभर कळेचना. मग कळलं. ती धावत खांबापर्यंत गेली. "काय म्हणालात? बाबा, काय म्हणालात?" पण ते तिच्या खांद्यावरून रोलरमामाकडे पाहत होते. "या बाई नवीन आहेत का?" त्यांनी विचारलं.

त्या दिवसापासून ती रोज जाऊ लागली. तिला दुसरं काही नको होतं. त्या तोंडून ते नाव पुन्हा ऐकायचं होतं, आणि कधीतरी ते नाव आणि समोरची बाई ही दोन्ही त्यांच्या डोक्यात एका जागी यायला हवी होती. पुरं एक मिनिट आली तरी चाललं असतं. त्या मिनिटात काय बोलायचं तेही तिने ठरवून ठेवलं होतं.

सर शिकवायला उभे राहिले की निराळेच होत. घरात शर्टाची बटणं चुकायची, कोर्टावर शब्द चुकत नसे. फोरहँडसाठी ते तिच्या बाजूला उभं राहून हातानेच चेंडू टाकायचे आणि तिला मोठ्याने म्हणायला लावायचे. चेंडू जमिनीला लागला की "टप्पा", रॅकेटला लागला की "मार". टप्पा, मार. टप्पा, मार. म्हणताना अडखळलं की फटकाही अडखळतो, असं त्यांचं म्हणणं. "डावा हात बॉलच्या दिशेनं पुढे हवा, बाई. पाकीट हिसकावल्यासारखा मारू नका. मारून झालं की रॅकेट डाव्या खांद्यावर नेऊन टाका, बाजारातली पिशवी टाकता तशी." सेहेचाळीस वर्षांची बाई सकाळी सकाळी टप्पा-मार म्हणून ओरडते आहे हे पाहून फिरायला आलेले लोक कुंपणापाशी थांबायचे. तिने लाज गुंडाळून ठेवली होती.

सर्व्हिसला तर महिनाभर मारायचंच नव्हतं. तिच्या डाव्या पायाच्या अंगठ्यापुढे ते एक रॅकेट जमिनीवर ठेवायचे. चेंडू वर सोडायचा, हात वरच ठेवायचा, आणि चेंडू खाली त्या रॅकेटच्या तारांवर पडला पाहिजे. "फेकू नका हो! वरच्या फळीवर बरणी ठेवायची आहे. ठेवा आणि हात तिथेच राहू द्या, बरणी हलतेय का बघत." पन्नास बरण्या एका सकाळी. दुकानात दुपारी गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची चौकट बसवून ती काचा बदलायची, "आता बरं दिसतंय, की आधीचं बरं होतं?" आणि काच धरलेला हात खांद्याच्या वर जाता जात नसे. खांद्याला चोळलेल्या मलमाच्या वासाने गिऱ्हाइकं नाक मुरडायची.

सर्व्हिस करताना त्यांच्या चेहऱ्याकडे पाहायचं मात्र ती टाळू लागली. त्यावर एका परक्या बाईबद्दलचा आदर असे, आणि तो तिला सोसवत नसे. त्यापेक्षा चेंडूकडे पाहणं सोपं होतं. त्याच्यावरची शिवण फिरताना दिसते इतकं ती त्याच्याकडे पाहायला शिकली.

पहिल्या आठवड्यात चारदा हाक आली. "खारू, हात." दुसऱ्या आठवड्यात तीनदा. मग आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवस नाहीच. आजार पुढे सरकतोय, दुसरं काय, असं तिने धरलं. ती अर्धा तास आधी येऊ लागली. पन्नासाच्या शंभर बरण्या झाल्या. फार उशीर व्हायच्या आत एकदा अशी सर्व्हिस करून दाखवायची की त्यांनी खूश होऊन नावानिशी शाबासकी दिली पाहिजे, हा ध्यास तिने घेतला. डोळे तपासणारी बाई, पण हिशोब कुठे चुकतोय ते तिला दिसलं नाही.

सहाव्या महिन्यातल्या एका सकाळी समोरच्या चौकोनाच्या कोपऱ्यात रोलरमामाने तेलाचा रिकामा डबा ठेवला. तिने दहा चेंडू घेतले. पहिला बाहेर गेला. दुसरा आत. तिसरा, चौथा, पाचवा आत. सहावा थेट डब्यावर बसला आणि डबा ठणाणा करत कुंपणापर्यंत गेला. मामाने शिट्टी मारली. दहांतले आठ आत होते, आणि दहाही वेळा तिचा डावा हात वर, बरणी सांभाळत, जिथल्या तिथे राहिला होता.

धापा टाकत ती वळली. सर टाळ्या वाजवत होते. चेहरा उजळला होता. ते तिच्याकडे येऊ लागले आणि तिला वाटलं, आता.

"सुरेख! अहो, सुरेखच!" ते म्हणाले. "इतक्या थोड्या दिवसांत इतकी सर्व्हिस मी कोणाची सुधारलेली पाहिली नाही. तुमचं नाव काय म्हणालात, बाई?"

तिला घाम पुसायचंही सुचेना. "सर," ती म्हणाली, "तुमच्याकडे खारू नावाची मुलगी होती ना?"

"होती की." लगेच, जराही न शोधता. "माझीच मुलगी. तिचा हात पडायचा."

ते इतक्या आनंदाने म्हणाले की तिला सगळं एकदम उमगलं. हाच तो हात होता. तिचा चेहरा गेला, आवाज गेला, वय गेलं, राहिला होता तो फक्त पडणारा डावा हात. तो पडला की खारू तिथे असायची. आणि तो हात रोज सकाळी खांद्याला मलम चोळून तिने स्वतःच नाहीसा केला होता. कोणी शत्रूने केलं नसतं ते तिने सराव करून करून केलं होतं.

"आणखी एक मारते," ती घाईने म्हणाली.

सर खांबापाशी गेले. तिने चेंडू सोडला आणि हात झटकन खाली घेतला. चेंडू नेटला थडकला. ती वाट पाहत उभी राहिली.

"मुद्दाम पाडलात," सर म्हणाले.

"नाही हो. पडला."

"बाई, माझा जन्म यात गेला. पडलेला हात वेगळा आणि पाडलेला वेगळा. तिची नक्कल करताय होय? पण तिचा असा नव्हता पडत."

"मग कसा पडायचा?"

"मी इथे उभा असायचो." त्यांनी खांबावर थाप मारली. "बॉल ती छान सोडायची. अगदी आत्ता तुम्ही सोडता तसा. पण सोडला रे सोडला की बॉल राहिला वर, आणि ही बघायची माझ्याकडे. बरोबर झालं का म्हणून. मान वळली की खांदा येतो आणि खांद्याबरोबर हात. हाताला काही झालं नव्हतं."

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"म्हणजे काय! शिकवतो मी."

"मग सांगितलं का नाही तिला?" तिचा आवाज चढला. लांब रोलर थांबला. "सात वर्षं नुसतं हात, हात, हात! माझ्याकडे बघू नकोस एवढंच सांगायचं होतं ना? पोर सामना हरली! सगळं सोडून दिलं तिनं!"

सर रॅकेटच्या तारा नखाने सरळ करू लागले. एक तार, दुसरी तार. विसरले असावेत असं तिला वाटलं.

"सांगितलं असतं तर तिनं बघायचं बंद केलं असतं ना," ते म्हणाले. "घरी मी काही बोलायचो नाही. मला येत नाही बोलायला. पण इथे दिवसातून पन्नासदा बघायची ती माझ्याकडे." त्यांनी आणखी एक तार सरळ केली. "तसंही नंतर बंदच केलं तिनं."

खारूला हुंदका आवरेना. ओरडून सांगावं, मी इथे आहे, बाबा, मी तुमच्याकडेच बघत होते, फाटकाबाहेरही बघत होते. पण ओरडून सांगून झालं होतं, रोज सांगून झालं होतं, आणि त्याचं उत्तर तिला पाठ होतं. वा, छान. तिने बाहीने डोळे पुसले आणि बादलीतून एक चेंडू उचलला.

या वेळी तिने हात पाडला नाही. चेंडू नीट सोडला, आणि तो वर जात असतानाच तिने मान वळवून बाबांकडे पाहिलं. बरोबर झालं का म्हणून. सहा महिने चुकवलेला तो चेहरा तिने पुरता पाहिला. खांदा आपसूक आला, त्याच्यामागे हात आला, आणि रॅकेटला जेमतेम लागलेला चेंडू नेटच्या बुडाशी जाऊन बसला. ती हलली नाही. चौदाव्या वर्षी सायकलपाशी उभी होती तशी उभी राहिली.

बाबांनीही तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, अगदी मायेने.

"बॉलकडे बघा, बाई," ते म्हणाले. "माझ्याकडे काय आहे?"

"हो, सर," ती म्हणाली, आणि चेंडू गोळा करायला नेटपाशी गेली.